रेव्हरंड टिळकांची मरणाची तयारी

खानदेशातील वाचकांना बालकवी ठोमरे यांचे नाव नवे नाही. धरणगावात १८९० साली जन्मलेल्या या मुलाने १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. त्या संमेलनाला आलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे त्याला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) आपल्या घरी पुत्रवत ठेवून घेतले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला. बालकवींना मृत्यूने अवचित गाठले. टिळकांनी मात्र त्याच्या स्वागताची तयारी करून ठेवली होती.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र लवकर हरपले. वडील कठोर स्वभावाचे. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, पण एका जागी ते कधी रमले नाहीत. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार झाला.

त्या काळी आप्तांच्या दृष्टीने असा माणूस जिवंत असूनही मेलेलाच असे. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. काही वर्षांनी त्या परतल्या आणि १९०० साली त्यांनीही प्रभूचा स्वीकार केला. हा वियोग सोसणाऱ्याला मरणाची फारशी मातब्बरी वाटली नसावी, असे मला वाटते.

टिळक कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनमध्ये १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा सद्गुरू आहे, माउली आहे. ज्याच्या चरणी आयुष्यभर बसलो, तोच उद्या न्यायासनावर असणार. मग शिष्याने थरथरत का जावे, हा त्यांच्या भक्तीचा सूर. येथे आपल्यातील कोणी विचारील की तारणाची अशी निश्चिती कॅथलिक श्रद्धेत बसते काय? ट्रेंट परिषदेने १५४७ साली शिकवले की विशेष प्रकटीकरणावाचून कोणीही आपले तारण झालेच असे श्रद्धेच्या अढळ निश्चितीने म्हणू नये. पण त्याच परिषदेने देवाच्या साहाय्यावर दृढ आशा ठेवण्यासही सांगितले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे लुथेरन ख्रिस्तसभांच्या जागतिक संघाबरोबर झालेल्या संयुक्त घोषणापत्रात हा जुना वाद बराच निवळला: भाविकाने स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहिले तर तो चिंतित होईल, परंतु ख्रिस्ताच्या वचनावर त्याने विसंबावे. टिळकांचा भरवसा स्वतःच्या पुण्याईवर नव्हता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. हाताशी काही राखून ठेवले नाही.

आपल्या अंत्यविधीविषयी त्यांनी लिहून ठेवले होते. नावामागे रेव्हरंडसारखी पदवी लावू नये. आणि देहाचे दफन न करता दहन करावे. त्या काळच्या ख्रिस्ती समाजाला हे किती धक्कादायक वाटले असेल! आपल्या ख्रिस्तसभेत तर दहनास १९६३ पर्यंत मनाईच होती. आजही जळगाव-धुळ्याकडील एखादे वृद्ध भाविक धर्मगुरूंना हळूच विचारतात, देह जळाला तर पुनरुत्थानाच्या दिवशी कसे व्हायचे? ज्याने मातीतून मनुष्य घडविला त्याला राखेची अडचण पडत नाही. २०१६ साली रोमहून आलेल्या सूचनेत अस्थी पवित्र स्थळी जतन कराव्यात असे बंधन आहे, शिवाय दफनाला पसंती आहे.

टिळकांचे दहन मुंबईत झाले आणि अस्थी अहमदनगरला विसावल्या. त्यांचे 'ख्रिस्तायन' महाकाव्य अपुरे राहिले होते. एकेकाळी त्यांच्या धर्मांतराने जिचे जग कोसळले होते, त्या लक्ष्मीबाईंनीच पुढे बसून ते पुरे केले.