डॉ. रखमाबाई राऊत : विश्वास कमावणाऱ्या डॉक्टर



पहिल्या महिला डॉक्टर कोण, असं विचारलं की मुलं लगेच आनंदीबाई जोशींचं नाव सांगतात. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. रुग्णसेवेचं त्यांचं स्वप्न राहून गेलं. ती सेवा ज्यांनी वर्षानुवर्षे केली, त्या डॉ. रखमाबाईंची आज ओळख करून घेऊया.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लवकर वारले. पुढे आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचं लग्न लावलं गेलं, पण त्या माहेरीच राहिल्या आणि घरीच शिकल्या. पुढे नवऱ्याने कोर्टात दावा लावला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली! शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली.

त्यानंतर त्या लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेत आणि नंतर राजकोटमध्ये त्यांनी स्त्रियांच्या दवाखान्यात काम केलं.

पण दवाखाना उघडला म्हणून बायका येत नव्हत्या. बाळंतपण घरीच, दवाखान्याची तर भीतीच! तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीला दवाखान्यात आणून तिची सुखरूप सुटका केली आणि ते बघून बायकांची भीती कमी झाली, अशी आठवण सांगतात. डॉक्टर होत्या, औषधं होती, कमी होता तो विश्वास. तो त्यांनी बायकांना समजेल अशा पद्धतीने कमावला.

हे आजही लागू पडतं. आपल्या वालीवमध्ये कारखान्यांमुळे ठिकठिकाणची कुटुंबं राहतात. आशाताई लसीकरणाचं सांगायला येतात, पण भाषा वेगळी, ओळख नाही, मग दार अर्धंच उघडतं. पालकहो, ते दार पूर्ण उघडा. शिक्षकांनो, पुढच्या पालकसभेत आशाताईंना दहा मिनिटं बोलू द्या. मुलांनाही त्यांची ओळख करून द्या, म्हणजे घरी आईला तिच्या भाषेत मुलंच सांगतील.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई गेल्या. त्यांचं काम मात्र आपल्याला पुढे न्यायचं आहे.