बाटल्या धुणाऱ्या पोराने क्रोमियम शोधलं, पण त्याने शुगर कमी होते का?

मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन शुगरच्या सप्लिमेंट शोधायला गेलात की एक नाव हमखास समोर येतं, क्रोमियम पिकोलिनेट. शुगर कंट्रोलमध्ये राहील, गोड खावंसं वाटणार नाही, असे दावेही सोबत असतात. हे क्रोमियम म्हणजे तेच, ज्याचा मुलामा दिल्यावर नळ आणि गाड्यांचे पार्ट चकाकतात. मग ते आपल्या शुगरच्या भानगडीत आलं कुठून?

ते शोधणाऱ्या माणसाचं नाव लुई निकोला वोक्लँ. 1763 साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, लहानपण शेतात राबण्यात गेलं. चौदाव्या वर्षाच्या आसपास तो रुआं शहरातल्या एका औषध बनवणाऱ्याकडे कामाला लागला. काम काय, तर बाटल्या धुणं आणि भट्टीकडे लक्ष ठेवणं. मालक शिकाऊ मुलांना रसायनशास्त्र शिकवायचा तेव्हा हा कोपऱ्यात उभा राहून ऐकायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. असं सांगितलं जातं की, मालकाला ती वही सापडली आणि त्याने ती फाडून टाकली. पोराने नोकरी सोडली आणि पॅरिस गाठलं.

पॅरिसमध्येही सुरुवातीचे दिवस हालाखीचेच होते. पण पुढे तो फूरक्रुआ या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि त्याचं नशीब पालटलं. सुरुवातीला वोक्लँने केलेलं काम फूरक्रुआच्या नावावर छापलं जायचं, मग दोघांच्या नावावर आणि 1790 पासून त्याच्या स्वतःच्या नावावरही. आयुष्यभरात त्याचं नाव साडेतीनशेहून जास्त शोधनिबंधांवर लागलं. त्यातले बहुतेक एकाच प्रकारचे होते. एखादा पदार्थ घ्यायचा, त्यात काय काय आहे ते वेगळं करायचं आणि मोजायचं.

आता येऊ मुख्य गोष्टीकडे. रशियातल्या उरल पर्वताच्या भागात एक लालभडक खनिज सापडायचं. त्याला सायबेरियाचं लाल शिसं म्हणायचे. रंग बनवणारे त्यावर फिदा होते, पण त्यात शिशासोबत नेमकं काय आहे हे कुणालाच कळत नव्हतं. 1789 साली वोक्लँने एका सहकाऱ्यासोबत त्याची तपासणी केली आणि निष्कर्ष साफ चुकला. त्यांना त्यात शिसं, लोह आणि ॲल्युमिनाच दिसलं.

1797 साली त्याने तेच खनिज पुन्हा हातात घेतलं. त्याची पूड पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळली. शिसं खाली बसलं आणि वर पिवळं पाणी राहिलं. त्या पाण्यात पाऱ्याचा क्षार टाकला तर लाल रंग यायचा, शिशाचा टाकला तर पिवळा, कथिलाचा टाकला तर हिरवा. म्हणजे यात काहीतरी नवं होतं. 1798 साली त्याने कोळशासोबत तापवून त्यातून राखाडी धातू वेगळा काढला. इतके रंग दाखवतो म्हणून त्याला ग्रीक भाषेतल्या रंग या शब्दावरून क्रोमियम नाव मिळालं. पाचूचा हिरवा रंगही याच धातूमुळे असतो, हेही वोक्लँनेच दाखवलं. त्याच वर्षी त्याने बेरिलियमचाही शोध लावला.

वोक्लँने लग्न केलं नाही. 1809 साली फूरक्रुआ वारल्यावर पॅरिसच्या वैद्यकीय फॅकल्टीतली त्याची जागा वोक्लँला मिळाली. फूरक्रुआच्या बहिणींना त्याने अखेरपर्यंत आपल्या घरी सांभाळलं. 1822 साली सरकारने ती फॅकल्टीच बंद केली आणि पुन्हा उघडताना वोक्लँला वगळलं, कारण होतं राजकारण. पुढे तो संसदेत निवडून गेला आणि 1829 साली आपल्या गावीच वारला.

गंमत बघा, वोक्लँला क्रोमियम आणि शुगरचा काही संबंध असेल हे माहीतही नव्हतं. पण त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या शेव्रल या शास्त्रज्ञाने 1815 साली दाखवून दिलं की, मधुमेहींच्या लघवीतली साखर म्हणजे द्राक्षात असते तीच साखर, म्हणजे आपलं ग्लुकोज.

क्रोमियम आणि ग्लुकोज एकत्र आले ते थेट 1950 च्या दशकात. अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मर्ट्झ या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. ठराविक खाद्यावर ठेवलेल्या उंदरांच्या रक्तातली साखर लवकर उतरत नव्हती. बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट दिल्यावर फरक पडला. 1959 साली त्यांनी सांगितलं की, यामागे क्रोमियम आहे. 1977 मध्ये कॅनडातल्या एका रुग्ण महिलेची केस गाजली. तिला काही वर्षं फक्त शिरेतून पोषण दिलं जात होतं आणि शुगर आटोक्यात ठेवायला इन्सुलिन द्यावं लागत होतं. सलाईनमध्ये क्रोमियम मिसळलं आणि दोन आठवड्यांत तिची इन्सुलिनची गरज संपली.

इथून क्रोमियमच्या गोळ्यांचा बाजार वाढला. पण ती केस अगदी वेगळ्या परिस्थितीतली होती. साधं जेवण जेवणाऱ्या माणसाला क्रोमियम कमी पडतं याचा ठोस पुरावा नाही. अमेरिकेत 2001 साली प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला 35 आणि महिलांसाठी 25 मायक्रोग्रॅम पुरेसे मानले गेले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर 2014 साली असं म्हटलं की, क्रोमियम शरीराला आवश्यक आहे हेच सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही मधुमेहींना सरसकट क्रोमियम घ्यायला सांगत नाही.

अजून एक मुद्दा. वोक्लँच्या लाल खनिजातलं क्रोमियम वेगळ्या रूपातलं असतं आणि ते विषारी आहे. जेवणातलं आणि गोळीतलं रूप वेगळं. अख्खी धान्यं, ब्रोकोली, सुकामेवा आणि मांसातून ते थोडं थोडं मिळतंच. पण म्हणून गोळ्या कितीही घ्याव्यात असं नाही. जास्त डोसनंतर किडनी आणि लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांसोबत घेतल्यास शुगर एकदम खाली जाण्याचा धोकाही सांगितला जातो.

त्यामुळे घरात कुणी अशी बाटली आणली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्या भरवशावर चालू असलेलं शुगरचं औषध मात्र बंद करू नका.