अन्नशुद्धीचे कैवारी : डॉ. हार्वे वायली

दूध लवकर नासते आणि मांस लवकर सडते, हे तुम्हांला ठाऊक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत घरोघरी फ्रिज नव्हते. तेव्हा काही व्यापारी दूध टिकावे म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालत. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीतला बेडूक ज्या द्रवात ठेवतात, तेच हे फॉर्मॅलिन! मांसाला टाकणखार लावत. गिऱ्हाइकाला यातले काहीच कळत नसे. अशा वेळी लोकांच्या बाजूने उभे राहिलेले रसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. हार्वे वायली.

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. पण त्यांना ओढ होती रसायनशास्त्राची. इ. स. १८७४ मध्ये ते पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी बाजारातील साखरेचे पाक तपासले. त्यांत त्यांना ग्लुकोजची भेसळ आढळली. इ. स. १८८३ मध्ये ते सरकारच्या शेती खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले.

पदार्थ टिकवणारी ही रसायने पोटात गेल्यावर काय करतात? हे कोणीच नीट तपासले नव्हते. वायलींनी ते तपासायचे ठरवले. इ. स. १९०२ मध्ये त्यांनी बारा धडधाकट तरुण निवडले. हे तरुण स्वखुशीने पुढे आले होते. खात्याच्या तळघरात त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आणि जेवणघर तयार केले. जेवण फुकट, पण अट अशी, की बाहेर काहीही खायचे नाही. त्यांना जेवणाबरोबर टाकणखार देत. पुढे इतर रसायनेही दिली. रोज त्यांचे वजन, नाडी आणि ताप मोजत. काहींची भूक मेली, काहींचे डोके व पोट दुखू लागले. वर्तमानपत्रांनी या तरुणांना ‘विष-पथक’ असे नाव दिले. त्यांच्या बातम्या वाचून लोक आपल्या ताटाकडे संशयाने पाहू लागले.

वायली गावोगावी भाषणे देत. महिलांच्या संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. काही कारखानदारांनी कडाडून विरोध केला. अखेर ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. अन्नात अपायकारक पदार्थ मिसळणे हा आता देशभर गुन्हा ठरला.

मात्र एक वाद राहिला. सोडियम बेन्झोएट हे रसायन अन्नात मुळीच नको, असे वायलींचे मत होते. रूझवेल्ट यांनी शास्त्रज्ञांची समिती नेमली. थोड्या प्रमाणात ते अपायकारक नाही, असे समितीने इ. स. १९०९ मध्ये सांगितले. वायलींना ते पटले नाही. इ. स. १९१२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि एका मासिकाच्या प्रयोगशाळेत ते खाद्यपदार्थ तपासू लागले. ३० जून १९३० रोजी, कायद्याला बरोबर २४ वर्षे झाली त्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आज शास्त्रज्ञ पदार्थाबरोबर त्याचे प्रमाणही पाहतात. रसायन आधी प्राण्यांना देतात. ज्या प्रमाणात त्यांना काहीच अपाय होत नाही, त्याचा साधारणपणे शंभरावा भाग माणसासाठी रोजची मर्यादा मानतात. सोडियम बेन्झोएटला अशी मर्यादा घालूनच परवानगी आहे. पूर्वी रसायन घातक आहे, हे सरकारला सिद्ध करावे लागे. इ. स. १९५८ पासून अमेरिकेत नवे रसायन सुरक्षित आहे, हे कारखानदाराला आधी सिद्ध करावे लागते.

आपल्या देशातही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे. सॉसच्या बाटलीवर परिरक्षक म्हणून २११ हा आकडा दिसला, तर ते सोडियम बेन्झोएट आहे असे समजा. आपण काय खातो हे जाणून घेण्याचा तुम्हांला हक्क आहे. म्हणून पाकीट फोडण्यापूर्वी त्यावरची बारीक अक्षरे वाचायला विसरू नका.