आमऱ्यांचा शोध घेणारे फादर सांतापाव

झाडाच्या फांदीवर वाढणाऱ्या आमरीला, म्हणजेच ऑर्किडला, अनेकजण बांडगूळ समजतात. प्रत्यक्षात ती झाडाचा अन्नरस शोषत नाही, फक्त आधार घेते. महाराष्ट्रातील आमऱ्यांची शास्त्रीय ओळख पक्की करणाऱ्यांत फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे महत्त्वाचे नाव आहे.

१९०३ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२८ मध्ये भारतात आले. लंडन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून १९४० पासून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. खंडाळा आणि पुरंदरचे डोंगर पालथे घालून त्यांनी तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. झेड. कपाडिया यांच्यासह लिहिलेला त्यांचा मुंबई इलाख्यातील आमऱ्यांवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

अशी ओळख औषधांसाठीही गरजेची असते. विदर्भातही आढळणाऱ्या वांडा आमरीची मुळे काही भागांत ‘रास्ना’ म्हणून वापरतात, तर इतरत्र याच नावाने दुसरीच वनस्पती मिळते. शिवाय आमरीचे परागकण गोळ्यांच्या रूपात कीटकांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर पोहोचतात. धुळीसारख्या बारीक बियांत अन्नसाठा नसल्याने रुजताना बुरशीची साथ लागते. झाड, कीटक, बुरशी यांपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी आमरीची पुढची पिढी धोक्यात येते.