औंढ्याच्या देवळामागचा शिंपी

श्रीनामदेवांचा जन्म 1270 साली दामाशेटी शिंपी यांच्या घरी झाला. कुळाचा धंदा कापडाचा व शिवणकामाचा. कीर्तनाच्या नादात मुलाचे दुकानाकडे लक्ष नाही, अशी घरच्यांची नित्य तक्रार असे. पुढे संतमेळ्यात गोरोबा कुंभारांनी त्यांस कच्चे मडके ठरविले, तेव्हा गुरूच्या शोधार्थ ते औंढा नागनाथास आले व विसोबा खेचरांचे शिष्य झाले, अशी परंपरा आहे.

याच देवळापुढे त्यांचे कीर्तन चालले असता पुजाऱ्यांनी त्यांस मागल्या बाजूस हाकलले आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, ही कथा आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. देऊळ फिरले की नाही, या वादात आम्ही पडत नाही. माणूस का हाकलला गेला, एवढेच आम्ही विचारतो. 1604 साली सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. जातीवरून देवळाबाहेर काढल्याचे दुःख त्यांतील एका पदात स्पष्ट आले आहे.

कुंभार, माळी, सोनार, शिंपी व महार यांनी आपापला धंदा सांभाळून वाळवंटात एकत्र टाळ धरला, ही त्या काळची क्रांतीच होय. हाती शस्त्र नसताही तिने जन्मसिद्ध वर्चस्वाच्या मुळाशी हात घातला. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी देणारे नामदेवच होते, असे संप्रदाय सांगतो. या चळवळीने मराठी राज्याची भूमी तयार केली, असे न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 साली आपल्या इतिहासग्रंथात प्रतिपादिले व युरोपातील धर्मसुधारणेशी तिची तुलना केली. राजवाड्यांस ते मान्य नव्हते. आम्हांस रानडे यांचे मत अधिक सयुक्तिक वाटते. ज्यांस एका रांगेत बसणे ठाऊक नाही, त्यांस एका निशाणाखाली उभे राहणे कोठून साधणार?

नामदेव 1350 साली समाधिस्थ झाले. पंढरीच्या देवळाचे द्वार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस 1947 साली खुले झाले, आणि त्यासाठीही साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. सुमारे सहाशे वर्षांचा हा विलंब केवळ पुजाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. देवळांस देणग्या देणारे शेटसावकारही त्यात भागीदार होते. म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच, की नामदेवांच्या नावे अन्नदान करण्यापूर्वी आपल्या पेढीवर पोती वाहणाऱ्यास कोणत्या भांड्यातून पाणी मिळते, ते त्यांनी स्वतः पाहावे.