मंथरेचा डोळा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागलं, तेव्हा सानगडीला आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसायचे. मंथरा आली की लहान पोरं डावा डोळा बारीक करून तिची नक्कल करायची. मी इंजिनिअरिंगचा घोडा, मीसुद्धा केली. तो डोळा मेकअपचा नव्हता, हे मला नंतर कळलं आणि जरा लाजच वाटली.

ललिता पवार. मूळ नाव अंबा सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, पैठणीच्या येवल्याचा. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार. पोर वयातच ती मूकपटात कामं करायला लागली. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटाची ती सहनिर्माती होती, म्हणजे वय जेमतेम १६! त्या वयात आपण बारावीच्या क्लासची फी बापाकडे मागत होतो. पुढे १९३८ साली तिने 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. तेव्हा ती नायिका होती. खाष्ट सासू नव्हे, मंथरा तर नव्हेच.

मग आलं १९४२. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग चालू होतं. शॉट असा की भगवानने (हेच पुढे 'अलबेला'वाले भगवानदादा) तिच्या थोबाडीत मारायची. त्यांनी मारली, आणि खरीच मारली. इतकी जोरात, की तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याची नस फुटली. उपचार वर्षानुवर्षे चालले. चेहरा सावरला, पण डोळा कायमचा बारीक राहिला. पंचविशी-सव्विशीत नायिकेची कामं संपली.

हा अपघात होता, त्यात दुष्टावा शोधायचं कारण नाही. पण वर्कशॉपमध्ये लेथला हात लावायच्या आधी सर बाह्या वर करायला लावतात, ते काय लेथ दुष्ट असतो म्हणून? मारायचं किती जोरात, हात कुठून जाणार, हे आधी ठरवून मारलं तर थोबाडीत बिनधोक मारता येते. हात चेहऱ्यापासून लांबून जातो. खाणारा ठरल्या आकड्याला मान फिरवतो आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला टाळी वाजवतो. मधली फट दिसू नये अशा कोनात कॅमेरा लावायचा. बास, आपल्या ड्रॉइंगच्या पेपरातली लाइन ऑफ साइट. यात मार खाणाऱ्या माणसाला सगळं आधी माहीत असतं आणि त्याने हो म्हटलेलं असतं.

मिठीचं, ओढाताणीचं, बळजबरीचं दृश्य याहून वेगळं नाही. फरक इतकाच की मिठीत डोळ्याची नस फुटत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात आणि रात्रभर नाटकं चालतात. खलनायक नायिकेचा पदर धरतो, मंडपात शिट्ट्या पडतात. मीही मारल्यात. तालमीत ठरलं होतं तिथेच तो हात थांबला की पुढे गेला, ते फक्त तिलाच ठाऊक. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा तोच प्रवेश असतो.

आता या कामाला स्वतंत्र माणूस असतो, त्याला इंटिमसी डायरेक्टर म्हणतात. कुठे हात लागेल, कुठे नाही, किती वेळ, हे तो नटनटींना वेगवेगळं विचारून ठरवतो. ऐनवेळी दिग्दर्शकाला काही नवीन सुचलं तर पुन्हा विचारायचं. हे शास्त्र वाढलं ते मारामारीच्या दृश्यांच्या दिग्दर्शनातूनच. २०१८ मध्ये अमेरिकेत 'द ड्यूस' मालिकेच्या सेटवर असा माणूस नेमला गेला, आणि आपल्याकडे २०२२ च्या 'गहराइयाँ'च्या श्रेयनामावलीत हे पद झळकलं. १९४२ च्या सेटवर असं विचारणारं कोणी असतं तर... जाऊ द्या.

ललिताबाई मात्र घरी बसल्या नाहीत. १९४४ च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. अधू डोळाच त्यांनी कामाला लावला. पडद्यावर त्यांनी सुनांना इतकं छळलं की घरोघरच्या बायकांनी बोटं मोडली! पण १९५५ च्या 'श्री ४२०'तली केळीवाली गंगा माई आठवा, नाहीतर १९५९ च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा. वरून कडक, आतून लोणी. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. १९८७ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, मंथरा. २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधला त्या गेल्या.

यंदा आमच्या गॅदरिंगच्या एकांकिकेत एक थोबाडीत आहे. हॉलच्या फरशीवर खडूने दोन रेघा मारल्यात, मारणाऱ्याने आपल्या रेघेपुढे यायचं नाही. तीन म्हटलं की तिने मान फिरवायची. परवा ती म्हणाली, आज हा प्रवेश नको. कारण कोणी विचारलं नाही. आम्ही चौथा प्रवेश घेतला.