अबोल विद्यार्थी आणि जेवणाचे टेबल

दरवर्षी जून-जुलैमध्ये आपली हजारो मुले-मुली पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढतात. त्यातली कित्येक शेवटच्या बाकावर बसतात, उत्तर येत असूनही मान खाली घालतात आणि दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी होतात. मुलगा लाजाळू आहे, असे म्हणून प्राध्यापक मोकळे होतात आणि पालकही. आम्हाला हा निर्वाळा मान्य नाही. बुजरेपणा हा काही मुलांचा स्वभाव असेलही. पण आपल्या मुलांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा घडवलेला असतो. याचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे खुद्द बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन. त्यांच्या वाट्याला विद्यापीठाचे पहिले वर्ष दोनदा आले. एकदा मुंबईत, एकदा न्यूयॉर्कमध्ये.

१९०७ साली तरुण भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. टक्केवारीवरून मुलांची लायकी ठरवणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा! महाराच्या मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा एवढी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे १९०८ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. ज्या शाळेतून ते आले होते, तिथे त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावताच सवर्ण मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळू नयेत म्हणून धाव घेऊन उचलले होते. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. कॉलेजात तरी निराळे काय होते? उपाहारगृहाचा ब्राह्मण चालक त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे. पुस्तके आणि कपडे देणारे प्राध्यापक म्युलर यांच्यासारखे शिक्षक भेटले, सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्तीही पुढे मिळाली. पण चार तास एका वर्गात बसायचे आणि तहान लागली की आपण कोण आहोत हे आठवायचे, अशा ठिकाणी कोणता मुलगा खुलून बोलेल? एल्फिन्स्टनमधील बाबासाहेब परीक्षा देतात, १९१२ साली बी.ए. होतात, पण भावी महापुरुषाची चाहूल लागावी असे त्या वर्षांत फारसे काही सापडत नाही.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षांची नोकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. घरी रमाई आणि काही महिन्यांचा यशवंत. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते उतरले. तिथले जेवण मानवले नाही म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हे पारशी मित्र भेटले. याच मित्राने पुढे १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांना कर्ज दिले. वसतिगृहातली मैत्री ही अशी असते.

चरित्रकार सांगतात, की सुरुवातीचे काही महिने बाबासाहेब अभ्यासापेक्षा मित्रांत, खेळांत, गप्पांत रमले. काही भक्तांना हे सांगायला संकोच वाटतो. आम्हाला मात्र तो त्यांच्या चरित्रातला फार मोलाचा भाग वाटतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी जात न विचारता त्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवत होते, एका छताखाली झोपत होते. बावीस वर्षे दाबलेला माणूस काही महिने श्वास घेणारच. मग घरची ओढाताण आणि समाजाची स्थिती डोळ्यांसमोर आली आणि ते ग्रंथालयात जाऊन बसले. अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी तिथे घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र होतेच. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा वक्ता २५ वर्षांचा होता. डोके तेच होते, बदलले होते ते जेवणाचे टेबल.

अमेरिका हा समतेचा स्वर्ग होता, असे कोणी समजू नये. त्याच १९१३ साली विल्सन सरकार वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवत होते. मुद्दा एवढाच, की त्या वसतिगृहाने या विद्यार्थ्याला वेगळे बसवले नाही. आणि मायदेशी? नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर काही सहकाऱ्यांनी सामाईक माठातील पाणी घ्यायलाच हरकत घेतली.

म्हणूनच १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. १९५० साली औरंगाबादला मिलिंद उभे राहिले, त्याबरोबर नागसेनवनात वसतिगृहेही आली. बाबासाहेब नुसता प्रवेश देऊन थांबले नाहीत.

आजची स्थिती काय? २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील आपल्या विद्यार्थ्यांचे एकटेपण कागदावर आणले. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम केले. तरीही जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली, आणि त्या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून दोघांच्या आयांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. वकील म्हणून आम्ही सांगू, की कॉलेजातील कक्षाची पाटी पाहून समाधान मानू नका. अधिकारी कोण आणि तक्रारी किती निकाली निघाल्या, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा.

आणि काही कामे कोर्टाशिवायही होतात. तालुक्याच्या गावी कॉलेज असेल तर तिथले विहार संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी उघडे ठेवता येते. तिसऱ्या वर्षाची मुले त्यांच्या सोबत बसू शकतात. जयंती मंडळाच्या पुढच्या बैठकीत मिरवणुकीच्या खर्चाचा विषय निघेल, तेव्हा गावातून शहरात गेलेल्या मुला-मुलींच्या मेसच्या पहिल्या तीन महिन्यांच्या पैशाचाही विषय निघावा. शिष्यवृत्ती उशिरा येते, मेसवाला थांबत नाही.